बीजगणिताचा उंबरठा

'आमच्या पोरांचं डोकं गणितात चालत नाही,' हे वाक्य वस्तीतल्या आईबापांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते त्यांचे स्वतःचे नसून कोणीतरी त्यांच्याकडून पाठ करून घेतले आहे, अशी माझी खात्री झाली आहे. तीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. आता वस्तीतल्या अभ्यासिकेत शिकवतो. जे पोर पाचवीपर्यंत तोंडी हिशेबात कोणाला हार जात नाही, ते सातवी-आठवीत अडखळते आणि नववीत खाली बसते. दोन-तीन वर्षांत बुद्धी काही आटत नाही. मग या टप्प्यावर नेमके होते काय? शिक्षकांनी तर हे समजून घ्यावेच, पण कार्यकर्त्यांनीही घ्यावे. राखीव जागेसाठी आपण मोर्चा काढतो. त्या जागेकडे जाणाऱ्या वाटेत नववीचे बीजगणित आडवे पडलेले असते, त्याविरुद्ध कोणी मोर्चा काढत नाही.

पहिली अडचण ऋण संख्यांची. प्राथमिक शाळेत वजाबाकी म्हणजे काढून घेणे. पाचातून आठ जात नाहीत, हे गुरुजींनीच सांगितलेले असते. पुढे एक दिवस वर्गात पाचातून आठ घालवले जातात आणि फळ्यावर उणे तीन उमटतात. का, ते कोणी सांगत नाही. नियम तेवढा सांगितला जातो : उणे गुणिले उणे बरोबर अधिक. मूल तो घोकते आणि इथूनच गणित त्याच्यासाठी पोथी होते.

वास्तविक उलगडा शब्दातच आहे. ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्रह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला, त्यात धन आणि ऋण याच नावांनी या संख्यांचे नियम दिले आहेत. आणि कर्ज म्हणजे काय, हे आमच्या घरात कोणाला शिकवावे लागत नाही! मी फळ्यावर वाण्याचे खाते मांडतो. घरात रोज पाच रुपयांचा माल येतो, म्हणजे खाते रोज पाचाने खाली जाते. आज ते बरोबर शून्यावर आहे. तीन दिवसांनी कुठे असेल? उणे पंधरा, पोरे एका सुरात सांगतात. आणि तीन दिवसांपूर्वी कुठे होते? क्षणभर शांतता. मग कोणीतरी म्हणते, 'पंधरा रुपये जमा असतील, तेच संपत संपत आज शून्य झालं.' रोजचा बदल उणे पाच, दिवस उणे तीन, गुणाकार अधिक पंधरा. नियम पोरांनीच काढला.

दुसरी अडचण बरोबरच्या चिन्हाची, आणि ती शिक्षकांच्याही लक्षात येत नाही. आठ अधिक चार बरोबर रिकामी चौकट अधिक पाच, असे लिहून द्या. आठवीतली कितीतरी मुले चौकटीत बारा लिहितात. कारण चार वर्षे 'बरोबर' याचा अर्थ 'आता उत्तर लिही' एवढाच त्यांनी पाहिलेला असतो. ते चिन्ह म्हणजे तराजूची दांडी आहे, दोन्ही पारडी सारखी राहिली पाहिजेत, हे कळले की चौकटीत सात येतात. क्ष + ५ = १२ मध्ये पाच पलीकडे नेताना चिन्ह का बदलते, तेही मग सांगावे लागत नाही; दोन्ही पारड्यांतून पाच उचलले, इतकेच.

अमेरिकेत हे दुखणे एका कार्यकर्त्याने ओळखले. बॉब मोझेस १९६१ पासून मिसिसिपीत काळ्या शेतमजुरांची मतदार-नोंदणी करत होते. तिथे नोंदणीसाठी साक्षरतेची परीक्षा असे. ती लोकांना बाहेर ठेवण्यासाठीच होती. मोझेस गणिताचे शिक्षकही होते. १९८२ साली केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये आपल्या मुलीच्या शाळेत त्यांनी बीजगणित शिकवायला घेतले, आणि त्यातून 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' उभा राहिला. त्यांची पद्धत साधी : मुलांना आगगाडीतून फिरवून आणायचे, प्रवासाचे चित्र काढायला लावायचे, त्याबद्दल आपल्या बोलीत बोलू द्यायचे, मग ती भाषा नेटकी करायची आणि चिन्हे सर्वांत शेवटी. 'किती स्टेशने?' याबरोबरच 'कोणत्या दिशेला?' हा प्रश्न आला, की अधिक-उणे आपोआप येते. शेतमजुरांना मत नकोच आहे, असे एकेकाळी म्हटले जाई. काळ्या मुलांना शिकायचेच नाही, हे त्याच जातीचे वाक्य आहे, असा त्यांचा मुद्दा होता. २०२१ साली ते वारले.

आमच्याकडे चिन्हे आधी येतात, आणि बोलीला तर दारातच अडवले जाते. 'इष्टिकाचिती' हा शब्द घ्या. वीटभट्टीवरच्या मजुराचा मुलगा तो ऐकून घाबरतो. इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रास, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ज्याने हजारो विटा रचलेल्या पाहिल्या आहेत त्याला घनफळाचे सूत्र परके वाटावे, ही किमया पाठ्यपुस्तकी भाषेची. मी परिभाषेच्या विरोधात नाही. परीक्षेत तोच शब्द येणार आहे. फक्त आधी वीट हातात द्यावी.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची गोष्ट आणखी वेगळी. दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड हलते ते उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. इतिहासाचा धडा चुकला तर पुढचा वाचता येतो. समीकरणे चुकली की त्यानंतरचे सगळेच चुकते.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबही मागितला होता. त्या हिशेबाचे मोल आजही कमी नाही. गेल्या वर्षी चक्रवाढ व्याज शिकवताना मी पुस्तकातला दर बाजूला ठेवला आणि गावातला घेतला : महिन्याला शेकडा पाच. सरळ व्याजाने शंभराचे वर्षाअखेर एकशे साठ होतात. व्याज न फेडता मुद्दलात मिळवत गेले तर जवळजवळ एकशे ऐंशी. पोरांनी बारा महिने एकेक करून मांडले आणि वह्या घरी नेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन आया अभ्यासिकेत आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी आपापल्या कर्जाचे कागद काढले आणि म्हणाल्या, 'गुरुजी, ह्येबी मांडून द्या पोरीकडून.'