संगणकाचें वाढतें काम

घराची दुरुस्ती निघते तेव्हां केवळ कौलें शाकारावयाचीं असतात. मग एक खिडकी सुचते, पुढें ओटा सुचतो. गवंड्याकडून काम मात्र ठरल्या दिवशींच हवें असतें. संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्यांवरहि हाच प्रसंग येतो.

अमेरिकेच्या एफ्. बी. आय्. या तपास खात्यानें जून २००१ मध्यें मक्ता दिला, तो जुन्याच दप्तराला सुलभ दर्शनी रूप देण्याचा. सप्टेंबरांतील हल्ल्यानंतर सगळें दप्तरच नवें बांधावयाचें ठरलें. गरजांची यादी ८०० हून अधिक पानांची झाली, आणि तरीहि बदलाच्या मागण्या ४०० च्या घरांत गेल्या. अखेर २००५ मध्यें सुमारें १७ कोटि डॉलर खर्चून प्रकल्प सोडून द्यावा लागला.

मागणाऱ्यांस हंसणें सोपें आहे. त्यांची निकड खरी होती. परंतु महानिरीक्षकाच्या त्याच वर्षींच्या अहवालानें अस्पष्ट गरजा आणि न झेपणाऱ्या मुदती यांवरच बोट ठेविलें. काय करावयाचें नाहीं, हेंहि आरंभींच लिहून ठेवावें. पुढें बदल निघाल्यास तो लेखी घ्यावा, त्यापायीं दिवस व पैसा किती वाढेल हें मांडावें, आणि होकार एकाच अधिकाऱ्यानें द्यावा. ‘एवढेंसें तर आहे’ असें तोंडी सांगून करून घेतलेलें काम सर्वांत महाग पडतें!

याच खात्याची पुढची प्रणाली ‘सेंटिनेल’. तीहि रेंगाळली. २०१० मध्यें खात्यानें ती स्वतःकडे घेतली व पंधरवड्यापुरतें काम ठरवून तेवढेंच पुरें करण्याची रीत धरली. जुलै २०१२ मध्यें ती सुरू झाली.