घरच्या अंगणातील पोहण्याचा तलाव

ज्या शाळामास्तराला घरातले पाण्याचे पिंप वेळेवर भरते की नाही याचीच रोज चिंता, त्याने पोहण्याच्या खासगी तलावाविषयी बोलावे हे आपणांस काहीसे चमत्कारिक वाटेल. या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. माझे मेहुणे परदेशातील नोकरी संपवून गोव्यात परतले आणि बार्देशातील वडिलोपार्जित घराच्या परसात त्यांनी असा एक तलाव बांधविला. पहिल्याच जुलै महिन्यात त्यातील पाणी हिरवे झाले. ते बदलावे म्हणून त्यांनी पंप लावून तलाव पूर्ण रिकामा केला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो तलावाचे एक टोक जमिनीतून वीतभर वर आलेले, नळ तुटलेले आणि काठावरील लाद्या दुभंगलेल्या! बांधणाऱ्याने जमिनीला दोष दिला, शेजाऱ्यांनी बांधणाऱ्याला. मेहुण्यांच्या वृद्ध मातोश्री मात्र परसातल्या विहिरीकडे बोट दाखवून एवढेच म्हणाल्या, "अरे, ती बघ, काठोकाठ भरली आहे."

म्हातारीने नेमके वर्मावर बोट ठेवले होते. गोव्याची जमीन बव्हंशी जांभ्या दगडाची. हा दगड सच्छिद्र असतो, त्यामुळे पावसाळ्यात पाणी त्यात झपाट्याने मुरते. मे महिन्यात जिचा तळ दिसतो तीच विहीर श्रावणात हाताने पाणी घेण्याइतकी भरते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. विहिरीत जे पाणी दिसते तेच पाणी सभोवतालच्या जमिनीतही त्याच पातळीवर उभे असते. अशा जमिनीत बसविलेला तलाव म्हणजे पाण्यात ठेवलेले मोठे भांडे होय. ते भरलेले असेल तर जागचे हलणार नाही. रिकामे केले की तरंगू पाहील.

याचा हिशेब आपल्या हायस्कुलातील मुलालाही करता येईल. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद व सरासरी १.४ मीटर खोल असा तलाव घ्या. त्याच्या भिंती व तळ २० सेंटीमीटर जाडीचे धरले तर त्यातील काँक्रीटचे वजन सुमारे ३५ टन भरते. आता बाहेरचे पाणी तळाच्या खालच्या बाजूपासून केवळ एक मीटर वर चढले, तर आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे तलावाला वर ढकलणारा जोर ३७ टन होतो. पाणी दीड मीटर चढले तर ५५ टन. आत ४५ टन पाणी असेपर्यंत या जोराचे काही चालत नाही. ते ४५ टन मेहुण्यांनी स्वतःच्या हाताने उपसून टाकले होते.

म्हणून तलावाची जागा व खोली ठरविण्यापूर्वी नकाशे चाळण्याऐवजी ऑगस्टमध्ये जवळच्या विहिरीत डोकावावे आणि पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते दोरीने मोजून लिहून ठेवावे. पाणी फार वर येत असेल तर तलाव उथळ ठेवावा, किंवा त्याचा काही भाग जमिनीच्या वर उचलून बांधावा. तळाखाली खडीचा थर घालून त्यातील पाणी बाहेर काढणारी नळी ठेवावी आणि तळाच्या निचऱ्यापाशी बाहेरचा दाब वाढताच उघडणारी झडप बसवावी. ही झडप महाग नसते, पण बांधणाऱ्याच्या अंदाजपत्रकातून ती हमखास गळते. तिच्याविषयी आवर्जून विचारावे. खोदकाम पाऊस पूर्ण ओसरल्यावर सुरू करावे, मेअखेर तलाव भरून घ्यावा आणि पावसाळा संपेपर्यंत तो कदापि रिकामा करू नये. पाणी हिरवे झाले तरी त्याची शुद्धी ते आत असतानाच करता येते.

तलाव कशाचा असावा? फायबरग्लासचे तयार भांडे थोड्या दिवसांत बसते, पण ते आणणारी मालमोटार आपल्या वाड्याच्या बोळातून शिरेल काय हे आधी पाहावे. शिवाय ते हलके असल्याने वर सांगितलेला धोका त्याला अधिक. प्लास्टिकच्या अस्तराचा तलाव स्वस्त पडतो, मात्र काही वर्षांनी अस्तर बदलावे लागते. सळईबंद काँक्रीट व त्यावर लाद्या हा प्रकार खर्चाचा आणि वेळखाऊ असला तरी आपल्याकडील गवंड्यांच्या अंगवळणी पडलेला आहे, आणि मला तोच पसंत आहे. घरच्या तलावाला दीड मीटरहून अधिक खोलीची गरज नाही. इतक्या पाण्यात सूर मात्र मारू द्यायचा नाही.

आता देखभाल. वर घेतलेल्या तलावात ४५,००० लिटर पाणी मावते. ते सारे सहा ते आठ तासांत एकदा वाळूच्या गाळणीतून फिरले पाहिजे. म्हणजे पंपाने तासाला सुमारे ५,६०० ते ७,५०० लिटर पाणी ओढावयास हवे. क्लोरीनचे प्रमाण दहा लाख भागांत एक ते तीन भाग ठेवावे. परंतु नुसता क्लोरीन ओतून भागत नाही. पाण्याची आम्लता वा अल्कता दाखविणारा जो सामू, तो ७.५ असता क्लोरीनचा जवळजवळ निम्मा भाग जंतुनाशक रूपात असतो. सामू ८ वर गेला की जेमतेम चौथा हिस्सा उरतो. म्हणून सामू ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान असावा. जांभ्या जमिनीतील विहिरीचे पाणी पुष्कळदा मृदू व किंचित आम्ल असते. असे पाणी लाद्यांमधील सिमेंट हळूहळू खाते. त्यात लोह असेल तर क्लोरीन पडताच पाणी तांबूस होते आणि मालक घाबरून आणखी क्लोरीन ओततो! तलाव भरण्यापूर्वी पाणी तपासून घेतल्यास ही धावपळ वाचते.

तलावाला उग्र वास आला की क्लोरीन फार झाला, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. तो वास क्लोरीनचा घाम व मूत्र यांच्याशी संयोग होऊन बनलेल्या द्रव्यांचा असतो, आणि ती द्रव्ये जाळण्यास क्लोरीन अपुरा पडला असे समजावे. आम्ल आणि क्लोरीन यांची भांडी एकाच फळीवर ठेवू नयेत. दोन्ही एकत्र आल्यास विषारी वायू सुटतो. तसेच औषध पाण्यात घालावे, औषधावर पाणी ओतू नये.

सर्वांत मोठी जोखीम मात्र पाण्याची नव्हे, लेकरांची. बुडणारे मूल ओरडत नाही, हातपाय आपटून कोणाला हाक घालीत नाही. ते दोन-चार मिनिटांत, मोठी माणसे जवळच गप्पा मारीत असताना, निःशब्द बुडते. सभोवती किमान चार फूट उंचीचे, चढता न येणारे कुंपण हवे. त्याचे फाटक आपोआप मिटणारे असावे व कडी मुलाच्या हाताला न लागेल इतकी वर असावी. कुंपणाला खुर्ची वा कुंडी टेकवून ठेवू नये. तळाच्या निचऱ्यावरील जाळी हीही किरकोळ बाब नव्हे. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये गरम पाण्याच्या कुंडातील निचऱ्याच्या ओढीने तळाशी खिळून मृत्यू पावली, आणि तिच्या नावाने तेथे २००७ मध्ये सुरक्षित जाळ्यांचा कायदा झाला. निचरे दोन असावेत, त्यांत तीन फुटांचे तरी अंतर असावे व जाळी फुगीर असावी, म्हणजे एक शरीराने झाकला गेला तरी दुसरा ओढ घेतो.

मेहुण्यांनी पुढे तो तलाव फोडून त्याच जागी नवा बांधविला, पहिल्याहून हातभर उथळ आणि झडपेसह. कुंपण घातल्यावाचून त्यात पाणी सोडू देणार नाही, असे मातोश्रींनी बजावले होते; त्याप्रमाणे कुंपण आधी झाले. आता आषाढ लागला की ते विहिरीच्या कठड्यावरून दोरी सोडून पाण्याची पातळी मोजतात आणि आकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवतात.