लझान्याचीं पानें आणि शेवयांचा गहू

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी हें लहानसें स्थानक लागतें. तेथील नृसिंह आमचें कुलदैवत. त्यामुळें वैशाख शुद्ध चतुर्दशीस, नृसिंहजयंतीला, आम्हां मंडळींचा मुक्काम तेथेंच. याच दिवसांत घरोघरीं शेवयांचे पाट मांडले जात. अशा ठिकाणीं इटलींतल्या पक्वान्नाची गोष्ट निघावी हें वाचक भगिनींस विचित्र वाटेल. पण यंदा ती निघाली खरी.

माझी पुतणी बंगळूरास नोकरीला असते. लझान्या, म्हणजे कणकेचीं पातळ पानें उकडून, त्यांच्या थरांत टोमॅटोचा रस्सा, पांढरा सॉस व चीज घालून भाजलेला पदार्थ, वडील माणसांस स्वतः करून घालावा ही तिची हौस. तयार कोरडीं पानें बाजारांत मिळतात व त्यांपैकीं पुष्कळांत अंडें नसतें. परंतु ताज्या पानांची लज्जत त्यांना नाहीं, असा तिचा आग्रह. बोलोन्याकडे ताजीं पानें अंड्यांतच भिजवितात, शंभर ग्रॅम पिठास एक अंडें. आमच्या सासूबाईंना अंडें चालत नाहीं. तेव्हां तिनें अंडें वगळलें, मैदा नुसत्या पाण्यांत भिजविला आणि पानें लाटलीं. दिसावयास तीं सुरेख होतीं. भाजून काढल्यावर मात्र थर कोणता व रस्सा कोणता हें कळेना. अगदीं खळ झाली. पोर हिरमुसली. सासूबाईंनीं दोन घास निमूटपणें खाल्ले आणि विचारलें, "शेवयांना कोणता गहू घेतात ग?"

प्रश्न साधा, पण सारें मर्म त्यांत होतें. मऊ गव्हाच्या मैद्याला उकळत्या पाण्यांत सांवरून धरण्याचें काम अंडें करतें. उष्णतेनें तें घट्ट होतें व पान फुटूं देत नाहीं. अंडें काढावयाचें तर गहूच तसा कठीण हवा. इटलींतील कोरडा पास्ता ज्या 'डुरम' गव्हाचा करतात, तोच आपला बन्सी. पिवळसर, कांचेसारखा कठीण दाणा. मराठवाड्याच्या काळ्या जमिनींत पूर्वीं तो कोरडवाहूवर पिके. पुढें पाटाचें पाणी आलें आणि सानोसऱ्याच्या लोकभारतीनें काढलेला लोक-वन, म्हणजेच आपला 'लोकवन', पोळ्यांसाठीं सर्वत्र पसरला. बन्सी आतां शोधावा लागतो. बन्सी रवा मात्र मोठ्या गांवीं मिळतो. शेवयांना ताण बसला तरी त्या तुटत नाहींत, याचें श्रेय हाताइतकेंच या गव्हाला आहे, हें आम्हां सुनांना ठाऊक असून सुचलें नाहीं!

बन्सीचा अगदीं बारीक रवा दोनशें ग्रॅम घ्यावा. जाडसर मिळाल्यास घरीं दळून चाळून घ्यावा. त्यांत चिमूटभर मीठ व सुमारें शंभर ग्रॅम कोमट पाणी थोडथोडें घालावें. गोळा प्रथम कोरडा व रुक्ष वाटेल. घाबरून पाणी वाढवूं नये. दहा मिनिटें तळहातानें रेटून तिंबावा, मग ओल्या फडक्याखालीं निदान अर्धा तास ठेवावा. तेवढ्यांत रव्याला पाणी मुरतें व तोच गोळा मऊ होतो. ही विश्रांति टाळणारीनें पुढें लाटण्यास दोष देऊं नये.

मग लहान लाट्या करून, पलथनास तोच रवा घेऊन, पोळीहून पातळ, सुमारें एक मिलिमीटर जाडीचीं पानें लाटावीं. वरणफळांची पोळी लाटणाऱ्या बाईला हें शिकवावें लागत नाहीं. फरक इतकाच कीं, वरणफळें वरणांतच शिजतात आणि हीं पानें पाण्यांत. लिटरभर पाण्यास दहा ग्रॅम मीठ घालून तें खळखळवावें, एका वेळीं दोन-तीनच पानें सोडावीं, दोन-तीन मिनिटांनीं काढून गार पाण्यांत बुडवावीं व ओलसर पंचावर सुटीं पसरावीं. एकावर एक ठेवलीं कीं चिकटलींच. हिरवीं पानें हवीं असल्यास उकडून घट्ट पिळलेला पालक पन्नास ग्रॅम वाटून घालावा आणि पाणी तितकें कमी करावें.

चीजविषयीं एक सूचना. मूळ पार्मिज्यानो वासराच्या जठरांतील रेनेटनें विरजतात. ज्यांना तें चालत नाहीं त्यांनीं हिरवा ठिपका पाहूनच चीज घ्यावें.

अंड्यावांचून केलेला लझान्या खरा नव्हे, असें कोणी म्हणेल. सुमारें १३०० सालच्या 'लिबेर दे कोक्विना' या लॅटिन पाकग्रंथांत आंबवलेली कणीक शक्य तितकी पातळ लाटून, चौकोन कापून, मिठाच्या पाण्यांत उकडून, किसलेलें चीज व मसाला थराथरांत घालावयास सांगितलें आहे. अंड्याचा तेथें उल्लेख नाहीं. टोमॅटो तर युरोपांत पोंचलाच सोळाव्या शतकांत.

पोखर्णीस भट्टी कोठून असणार? दुसऱ्या दिवशीं पुतणीनें जाड बुडाच्या पातेल्यांत थर रचले, झांकणावर निखारे ठेवले व खालीं मंद विस्तव केला. या खेपेस सुरी घातली तेव्हां थर मोजतां आले, पांच. सासूबाईंनीं दुसऱ्यांदा ताट पुढें केलें, आणि रश्श्यांत जरा हिंग हवा होता, असें सांगितलें.