दुखणं जातं मुंगीच्या पावलांनी

दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या पावलांनी, असं जुन्या बायका सांगत. ताप उतरला की दुसऱ्या दिवशी ओट्याशी उभ्या राहणाऱ्या आपल्याला ते पटत नाही. पण मैत्रिणींनो, ही म्हण कसलेल्या खेळाडूंनाही चुकलेली नाही बरं का!

मार्क कॅव्हेंडिश हा ब्रिटनचा सायकलपटू. ‘टूर द फ्रान्स’ ही तीन आठवड्यांची, सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची शर्यत. २०१६ पर्यंत त्यानं तिचे ३० टप्पे जिंकले होते. एप्रिल २०१७ मध्ये त्याला ‘ग्लँड्युलर फीव्हर’ झाल्याचं निदान झालं. ‘एपस्टाईन-बार’ विषाणूचा हा आजार. ताप, घसादुखी, मानेला गाठी आणि मग आठवडे, कधी महिने न हटणारा थकवा. जुलैत तो पुन्हा शर्यतीत उतरला, पण पडून खांद्याचं हाड मोडलं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुन्हा तोच विषाणू! गेले काही महिने तो आजार अंगावर काढतच सायकल चालवत होता. डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली. त्याच काळात नैराश्यानंही गाठलं, हे त्यानं पुढे स्वतःच सांगितलं.

२०२० मध्ये एका शर्यतीनंतर, ही कदाचित शेवटचीच, असं म्हणताना त्याला रडू कोसळलं होतं. पण २०२१ मध्ये त्यानं टूरचे चार टप्पे जिंकले आणि ३ जुलै २०२४ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, ३५ वा टप्पा जिंकून विक्रम केला. पहिल्या निदानानंतर सात वर्षांनी!

मग घाई का नको? विषाणूच्या आजारात क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. तशी आली तर खेळाडूंनाही तीन ते सहा महिने स्पर्धा बंद ठेवायला सांगतात. ग्लँड्युलर फीव्हरमध्ये प्लीहा सुजते, म्हणून काही आठवडे धक्काबुक्कीचे खेळ वर्ज्य. आणि काहींच्या बाबतीत आज केलेल्या श्रमाचा हिशेब शरीर उद्या-परवा मागतं.

हे आपल्या दाराशीही आलेलंच आहे. २००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली. ताप चार दिवसांत गेला, पण सांधे महिनोन् महिने दुखत राहिले, हे अनेकींना आठवत असेल. पुढे कोविडनंतरचा थकवाही कित्येकींनी सोसला. पोलीस भरतीच्या ८०० मीटरसाठी पहाटे मैदान गाठणाऱ्या लेकींनी तर हे ध्यानात ठेवायलाच हवं.

सुरुवात साध्या चालण्यानं करा. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी! सकाळी अंगात त्राणच नसेल, तर जिद्दीनं पुढे रेटू नका, मागे या. छातीत दुखणं, धडधड, चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप यांपैकी काहीही झालं तर व्यायाम तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि घरातल्या मंडळींनो, “ताप तर गेला, आता काय झालंय हिला?” असं म्हणण्याआधी जरा थांबा. थकवा थर्मामीटरवर दिसत नाही. ताप उतरणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. मधले दिवस तिला हक्कानं मिळायला हवेत.