डिस्कवरचा बांध

२००१ सालचा जानेवारी. पंजाबातल्या डेराबस्सीला, चंदिगड-अंबाला हमरस्त्यालगतच्या एका कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळत होतो. बाहेर दाट धुकं आणि फाटकाशी माल भरून उभे असलेले चार ट्रक. गेटपास छापून येईना, म्हणून ट्रक हलेनात. यूनिक्स सर्व्हरच्या पडद्यावर एकच तक्रार पुन्हा पुन्हा उमटत होती : जागा शिल्लक नाही.

'डीएफ' ही आज्ञा दिली की कुठल्या भागात किती जागा उरली ते कळतं. 'होम' हा भाग ५ जीबीचा, ८ टक्के भरलेला. 'व्हार' ५०० एमबीचा, १०० टक्के भरलेला. छपाईच्या रांगेतल्या फाइली व्हारमध्ये थांबतात, आणि तिथे आता एक पानही मावत नव्हतं. एकाच डिस्कवर, त्याच चकत्यांवर, साडेचार जीबी जागा ओस पडलेली आणि तिच्या शेजारचा भाग गुदमरलेला. इकडची जागा तिकडे का देता येत नाही, हा प्रश्न त्या रात्री मला पहिल्यांदा खरोखर पडला.

उत्तर सातबाऱ्यासारखं आहे. डिस्कच्या चकत्यांवर एकात एक अशी वर्तुळं असतात. पार्टिशन पाडणं म्हणजे 'या वर्तुळापासून त्या वर्तुळापर्यंत अमक्याचं' अशी नोंद करणं. नोंद एका ओळीची, ती बदलायला क्षणही लागत नाही. अडचण पुढे आहे. त्या तुकड्यावर फाइल सिस्टिम आपला संसार मांडते, तेव्हा प्रत्येक फाइलचा पत्ता ती आपल्या तुकड्याच्या सुरुवातीपासून मोजून लिहून ठेवते : हे पान चारशेव्या खणात, ते नऊ हजाराव्या. माझ्या डिस्कवर व्हार संपला की लगेच होम सुरू होत होता. व्हार वाढवायचा तर होमची सुरुवात पुढे ढकलायची, आणि सुरुवात ढकलली की होममधला एकूण एक पत्ता खोटा. गावात बांध कोरणारा हातभर जमीन खातो आणि पलीकडचं पीक जागच्या जागी राहतं. इथे बांध हातभर सरकला की पलीकडचं शेतच हरवतं. खरा उपाय एकच : सगळं टेपवर उतरवा, डिस्क पुसा, नवे बांध घाला, परत भरा. त्याला रात्र पुरली नसती. मी छपाईची रांग होममध्ये हलवली आणि जुन्या जागी तिकडे बोट दाखवणारी एक लिंक ठेवली. पहाटे ट्रक सुटले.

हे कोडं यूनिक्सइतकंच जुनं आहे. १९७१च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या पीडीपी-११ यंत्राला अर्ध्या मेगाबाइटची डिस्क होती. तिच्यावर सिस्टिम, आणि वापरणाऱ्यांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर. त्या दुसऱ्या डिस्कचं नाव 'यूएसआर', आणि ते आजही जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये टिकून आहे. पुढे बर्कलेच्या यूनिक्समध्ये कुठला तुकडा केवढा, हे थेट डिस्कच्या ड्रायव्हरच्या कोडमध्येच लिहिलेलं असे. माप बदलायचं तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभाच, नव्याने बांधायचा. ही माहिती खुद्द डिस्कवरच्या लेबलात आली ती १९८८ साली.

बांध घालणारे मूर्ख होते, असं मात्र मला वाटत नाही. एखादा प्रोग्रॅम बिघडून व्हारमध्ये लॉग ओकत सुटला, तर त्याने फक्त व्हार बुडावा, सगळी डिस्क नव्हे. त्या रात्री होममधला हिशेब शाबूत राहिला तो त्या बांधामुळेच. चूक बांधाची नव्हती. डिस्क विकत घेतल्या दिवशीच पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधायला लावणं, ती चूक.

कारखान्यातल्या अकाउंट्सच्या सरदारजींनी एकदा मला सांगितलं की त्यांचे पाच किल्ले आहेत. मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर जे यायचं तेच आलं. पण पंजाबात किल्ला म्हणजे साधारण एक एकराचं शेत. तिथे १९४८च्या कायद्यानंतर विखुरलेले तुकडे एकत्र करून चौकोनी शेतं आखली गेली. आपल्याकडे तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७चा, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले ते त्यातूनच. त्यासाठी माणसांना जमिनींची अदलाबदल करावी लागली, विहिरी आणि झाडं सोडावी लागली.

डिस्कवर हेच काम काहीही न हलवता झालं, आणि मी अजून त्याने थक्क होतो. आयबीएमच्या एआयएक्स या यूनिक्समध्ये १९९० साली लॉजिकल व्हॉल्यूम आले, लिनक्ससाठी ती सोय १९९८च्या सुमारास हाइन्त्स माउल्सहागेन यांनी लिहिली. वेरिटास कंपनीच्या पुण्यातल्या केंद्रात आपल्याकडच्या अनेक इंजिनिअरांनी अशाच सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं काम केलं. कल्पना एवढीच : डिस्कचे सारखे छोटे तुकडे पाडायचे, लिनक्समध्ये एरवी ४ एमबीचे, आणि मध्ये एक वही ठेवायची. फाइल सिस्टिमने सहाशेवा तुकडा मागितला की वही सांगते, तो खरा कुठे आहे. फाइल सिस्टिमला आपलं शेत सलग दिसतं. जमिनीवर ते कुठेही असू दे.

२००७ साली त्याच कारखान्यात नवा लिनक्स सर्व्हर होता. ३६ जीबीची डिस्क, म्हणजे असे साडेआठ हजारांहून जास्त तुकडे. शेवटचे हजारेक मी मुद्दाम कोणालाच दिले नव्हते. एका दुपारी व्हार ९७ टक्क्यांवर गेला. पंचवीस माणसं काम करत होती, प्रिंटर चालू होता. मी दोन आज्ञा दिल्या : एक व्हॉल्यूमला १ जीबी जोडणारी, दुसरी फाइल सिस्टिमला नवी हद्द कळवणारी. पुन्हा डीएफ पाहिलं. ६५ टक्के. प्रिंटर थांबलाही नव्हता.

मग मी वही उघडून बघितली. व्हार : तुकडा ० ते ५११. त्यानंतर ५१२ ते ७१६७ होम, जसाच्या तसा. आणि होमच्या पलीकडे, ७१६८ ते ७४२३, पुन्हा व्हार.