धनुष्याला हवा विसावा!

भाड्याचा फ्लॅट, भिंतीला खिळा मारायला बंदी आणि सांभाळायला पाच फुटी धनुष्य... मग काय, घरच्या घरी स्टँड!

घरात धनुष्य आहे असं सांगितलं, की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, 'ओढून बघू?' आणि दुसरा, 'ठेवतेस कुठे?' पहिल्याचं उत्तर एका शब्दाचं आहे : नाही! दुसऱ्याचं उत्तर शोधण्यात मात्र माझे दोन वीकेंड गेले. पण मस्त गेले.

तिरंदाजी सध्या आपल्याकडे एकदम फॉर्मात आहे. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनीही वैयक्तिक सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्येही चर्चा रंगली होती. त्यांची धनुष्यं 'कंपाउंड', म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेली. मी म्हणतेय ते साधं, पारंपरिक धनुष्य. चाकं नाहीत, दुर्बीण नाही. लाकूड, दोरी आणि आपला हात, बस्स!

आणि ते माझं नाहीच. ऑफिसमधली मैत्रीण तीन वर्षांसाठी म्युनिकला गेली आणि जाताना ते माझ्या हवाली करून गेली. साठ इंची, एकसंध रिकर्व्ह. म्हणजे सुटे भाग होत नाहीत आणि टोकं पुढच्या बाजूला वळलेली. तिच्या पहिल्या बोनसमधून घेतलेलं. टॅक्सीत बसता बसता म्हणाली, ''ए, सांभाळ हं. आणि प्लीज, कोपऱ्यात उभं करून ठेवू नकोस!''

कोपऱ्याचं एवढं काय?

छत्री, काठी, क्रिकेटची बॅट, आपण सगळं कोपऱ्यात टेकवतो. पण धनुष्याची गोष्ट वेगळी. मधली मूठ जाड आणि कणखर असते, तर दोन्हीकडचे वाकणारे हात (मैदानावर सगळे त्यांना 'लिम्ब' म्हणतात) पातळ आणि लवचिक. कोपऱ्यात टेकवलं की सगळा भार खालच्या टोकावर येतो, तोही तिरका. महिनोन् महिने तसं राहिलं की हात हळूहळू पिळला जातो. पिळलेल्या हातावर दोरी मधोमध बसत नाही. मग कितीही नेम धरा!

दुसरा शत्रू म्हणजे ताण. सलग एकाच लाकडाचं धनुष्य दोरी चढवून ठेवलं, तर ते त्याच आकाराला सरावतं आणि जोर गमावतं. फायबरग्लासचे थर असलेलं आधुनिक धनुष्य यापेक्षा बरंच सोशिक. पण उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तेही ठेवायचं नाही. उष्णतेनं थरांमधला गोंद सुटू शकतो.

हे शहाणपण आपल्याकडे जुनंच आहे. विराटपर्वात अज्ञातवासाला निघालेले पांडव शस्त्रं शमीच्या झाडावर ठेवतात, ही गोष्ट दसऱ्याला आपण ऐकतोच. पण शमीवर ठेवण्याआधी त्यांनी धनुष्यांच्या दोऱ्या उतरवल्या होत्या, हे कितीजणांना आठवतं? वर्षभर ठेवायचं, तर दोरी उतरवूनच! इंग्लंडचं 'मेरी रोझ' हे जहाज 1545 मध्ये बुडालं आणि 1982 मध्ये वर काढलं गेलं. त्यात शंभराहून जास्त धनुष्यं मिळाली. त्यातली बरीचशी लाकडी पेट्यांमध्ये होती, दोरी न चढवलेली. जपानचं 'युमी' तर दोन मीटरहून उंच. त्याच्यासाठी खास घडवंची असते.

थोडक्यात, स्टँडकडून तीन गोष्टी हव्यात. भार जाड मुठीवर पडावा, टोकं मोकळी राहावीत आणि धनुष्य दोरी उतरवूनच ठेवलं जावं.

आजीचा पाट आला कामी

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे भिंतीत दोन खुंट्या. पण घरमालक काकांचा नियम पक्का : भिंतीला भोक नाही! तेव्हा स्वतःच्या पायावर उभा राहणारा स्टँड हवा होता. माळ्यावर आजीचा जेवणाचा जुना सागवानी पाट होता. दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि चांगला वजनदार. खाली आडव्या पट्ट्या असल्यामुळे तळातून मारलेले स्क्रू टेबलाला घासत नाहीत. याहून छान बैठक कुठे मिळणार? आईला विचारलं, तर म्हणाली, ''ने बाई, निदान कुणीतरी वापरेल.''

बाकीचं सामान : सागवानाच्या दोन पट्ट्या (प्रत्येकी बारा इंच उंच, तीन इंच रुंद, दीड इंच जाड), चार लोखंडी एल-अँगल, स्क्रू, फेविकॉल, पॉलिश पेपर आणि लोकरी फेल्टचा तुकडा. पट्ट्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणल्या, बाकी सगळं कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळालं.

आधी माप घ्या, मग करवत! धनुष्याचा मधला जाड भाग किती लांब आहे ते बघा. माझ्याकडच्या धनुष्यात मुठीच्या मध्यापासून दोन्हीकडे आठ इंचांपर्यंत भरीव लाकूड आहे. म्हणून दोन खांबांमध्ये पंधरा इंच अंतर ठेवलं. भार भरीव भागावरच राहिला. तुमच्या धनुष्याचं माप वेगळं असेल, ते तुम्हीच घ्या.

प्रत्येक पट्टीच्या वरच्या टोकाला 'यू' आकाराची खाच केली. खोली दीड इंच. रुंदी धनुष्याच्या त्या जागेच्या जाडीपेक्षा पाव इंच जास्त, कारण दोन्ही बाजूंना फेल्ट बसायचं असतं. खाचेच्या तळाशी ड्रिलनं भोक पाडलं, वरून करवतीनं दोन काप घेतले आणि कानशीनं गोलाई दिली. मग पॉलिश पेपर, आधी 80 नंबर, नंतर 150.

पाटात आणि पट्ट्यांत स्क्रूसाठी आधी बारीक भोकं पाडा, नाहीतर लाकूड चिरतं. फेविकॉल लावून खांब उभे केले, खालून स्क्रू, बाजूंनी एल-अँगल. सुतळीनं करकचून बांधून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी जवसाच्या तेलाचा हात दिला. एक धोक्याची सूचना : तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, मग टाका.

शेवटी खाचेत फेल्ट. रबर स्वस्त आणि सोपं, पण काही रबरांचे डाग पॉलिशवर कायमचे उठतात. गिटारवाल्यांना विचारा!

आता ठेवायचं कसं? धनुष्याची 'पाठ', म्हणजे निशाण्याकडची बाजू, खाली. दोरी उतरवल्यावर रिकर्व्हची टोकं त्याच बाजूला वळतात. त्यामुळे ती खांबांच्या बाहेर खाली झुकतात आणि तोल आपोआप सांभाळला जातो. टोकं टेबलाला टेकत नाहीत ना, तेवढं बघा.

'ताई, हे तर सैलच आहे!'

स्टँडची खरी परीक्षा दसऱ्याला झाली. सोनं द्यायला सगळे आले होते. मी चहा टाकायला आत गेले आणि चुलतभावानं धनुष्य उचलून थेट पोझ घेतली. दोरी ओढायला गेला, तर ती नुसती लोंबतेय. ''ताई, हे तर सैलच आहे!''

मी मनातल्या मनात शमीचे आभार मानले. कारण बाण न लावता दोरी ओढून सोडणं, हा धनुष्याचा सगळ्यात मोठा घात. बाणात जायची ताकद उलटी त्या पातळ हातांमध्ये शिरते. हात मोडू शकतो, तुकडा उडून डोळ्यालाही लागू शकतो. दोरी उतरवलेल्या धनुष्याच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही. माझ्या स्टँडवर दोरी चढवलेलं धनुष्य नीट बसतच नाही, त्यामुळे विसरायची सोयच उरलेली नाही!

त्याला मग स्ट्रिंगर दाखवला. ही दोन्ही टोकांना अडकवायची साधी दोरी असते. ती पायाखाली दाबून मूठ वर उचलायची, की दोन्ही हात सारखे वाकतात. पायात अडकवून धनुष्य वाकवायची फिल्मी स्टाइल टाळा, त्यातही हात पिळतो.

दर महिन्याला मी धनुष्य डोळ्यांसमोर धरते आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवते. दोन्ही टोकं एका रेषेत दिसली, की फोटो काढून म्युनिकला पाठवते. तिकडून फक्त एक अंगठा येतो. तेवढ्यासाठी दोन वीकेंड काहीच नाहीत!