पायी चालणाऱ्यांचे शहर : पोंतेवेद्रा

पोर्तुगालहून सांतियागो दे कॉम्पोस्तेला येथे प्रेषित संत याकोबाच्या कबरीकडे पायी निघालेले यात्रेकरू स्पेनच्या वायव्येकडील पोंतेवेद्रा या शहरातून पुढे जातात. यात्रेकरूंच्या मातेला वाहिलेले अठराव्या शतकातील एक प्रार्थनामंदिर तेथे आहे. त्याची बांधणी शिंपल्याच्या आकाराची असून शिंपला ही या यात्रेची खूण होय. शेकडो वर्षे पायी चालणाऱ्यांना आसरा देणारे हे शहर विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र मोटारींनी गजबजून गेले होते.

१९९९ साली मिगेल आंक्सो फर्नांदेझ लोरेस हे महापौर झाले. मोटार विकत घेतली म्हणून सार्वजनिक जागा अडविण्याचा हक्क मिळत नाही, ही त्यांची भूमिका. त्यांनी जुन्या शहरातील सुमारे ३ लाख चौरस मीटर जागा पादचाऱ्यांसाठी मोकळी केली. पदपथ रुंद केले, रस्ता ओलांडण्याच्या जागा पदपथाच्या उंचीवर आणल्या आणि वाहनतळ शहराच्या कडेला हलविले. २०१० साली ताशी ३० किलोमीटर ही वेगमर्यादा लागू झाली. मोटारींवर सरसकट बंदी मात्र नाही. रहिवाशांना, मालवाहू गाड्यांना व रुग्णवाहिकांना वाट मिळते.

वेगावरच एवढा भर का? वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते. ताशी ३० च्या वेगाने धडक बसलेला माणूस बहुधा वाचतो. ६० च्या वेगाला ती आशा बरीच कमी होते. शिवाय मोटारी मंद चालल्या की सायकलस्वारालाही त्याच रस्त्यावरून निर्धास्तपणे जाता येते.

फळ यावयास वेळ लागला, हेही सांगितले पाहिजे. १९९६ ते २००६ या काळात ज्या रस्त्यांवर ३० जणांचे प्राण गेले, त्याच रस्त्यांवर पुढील दहा वर्षांत तिघांचा मृत्यू झाला.

आपल्याकडे रविवारी पहाटे मिस्सेला निघालेल्या आजीबाई रिक्षा आणि गटार यांच्यामधून वाट काढतात, हे आम्ही नित्य पाहतो. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत ३२ हजारांहून अधिक पादचारी मरण पावले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा अधिकार हा घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या अधिकाराचाच भाग असल्याचे सांगितले. आपल्या चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर पदपथ नसेल, तर तो मागण्यासाठी नगरपालिकेकडे लेखी अर्ज करताना या निर्णयाचा आधार घेता येईल.